आयुष्य कमी पडतं, हे काही उत्तर नाही

आमच्या गाण्याच्या क्लासबाहेर एक बाकडं आहे, त्यावर पालक मोबाइल चाळत बसतात. मी तिथे डबल रोलमध्ये असतो, आधी मुलीचा तास आणि मग माझा स्वतःचा पेटीचा, कारण वयाच्या 42 व्या वर्षी मला ही हौस सुचली. तर मागच्या महिन्यात एक नवीन बाबा मुलाचं नाव घालायला आले आणि त्यांनी एकदम सरळ प्रश्न विचारला, की हे सा रे ग म नीट वाचायला आणि लिहायला यायला साधारण किती दिवस लागतील? इंजिनिअर माणूस असावा, अंदाज मागत होता. क्लासमधून उत्तर आलं ते नेहमीचंच. "अहो, संगीत म्हणजे समुद्र, आयुष्य कमी पडतं." बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या, त्या बाबांनीही डोलावली, आणि फी भरून गेले.

माझं डोकं मात्र तेव्हापासून फिरलंय. कारण माणसाने संगीत किती दिवसांत येईल असं विचारलंच नव्हतं, त्याने वाचणं-लिहिणं विचारलं होतं. बाराखडी किती दिवसांत येईल असं विचारल्यावर आपण कुणाला ज्ञानेश्वरी समजायला जन्म जातो असं सांगतो का? नाही ना, आपण सांगतो की पोरगं पहिली-दुसरीत वाचायला लागेल. मग गाण्याच्या बाबतीतच ही समुद्राची भाषा का येते, आणि ती कुणाच्या सोयीची आहे, हा माझा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे उगाच सस्पेन्स नको. स्वरलिपी, म्हणजे स्वर कागदावर लिहायची पद्धत, वाचायला काही महिने पुरतात, ऐकलेलं साधं गाणं लिहायला वर्षभर, आणि आपली मुलं सहा-सहा वर्षं क्लासला जाऊनही हे दोन्ही करू शकत नाहीत, कारण आपण त्यांना ते शिकवतच नाही. आपण त्यांना स्वरलिपीची चित्रं काढायला शिकवतो.

चित्रं का म्हणतो ते सांगतो. माझी मुलगी चार परीक्षा पास आहे. तिला कोरा कागद द्या आणि सांगा भूप रागाचा छोटा ख्याल (जलद लयीतलं छोटं गाणं) लिही, ती पट्टीने तीनतालाचे 16 रकाने आखून, समेखाली, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्याखाली, फुली, 'खाली' म्हणतात त्या जागेला शून्य, टाळ्यांचे दोन आणि तीन जिथल्या तिथे, त्याखाली शब्द, शब्दांत अवग्रह (ऽ), असं लिहील की थेट छापायला द्यावं. एकदा रविवारी दुपारी दाराची बेल वाजली, आमची ती साधी डिंग-डाँगवाली, आणि मी सहज विचारलं, हे कुठले दोन स्वर आहेत गं? ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, बेलला स्वर असतात?" मग मी तिला म्हटलं खालचा आवाज सा धर आणि वरचा शोध, तर तिने सा-रे-ग असं गुणगुणत तीनेक मिनिटांत शोधलं की ग-सा वाजतंय, आणि तिला इतका आनंद झाला की पुढचा अर्धा तास ती आत-बाहेर करून बेलच वाजवत बसली, शेजारच्या काकू दार उघडून बघून गेल्या. आता गंमत बघा, भूपात हे दोन स्वर उठसूट येतात. तिने ते शेकडो वेळा लिहिलेत, गायलेत. पण कागदावरचा ग आणि कानातला ग यांची तिच्यात ओळखच करून दिलेली नव्हती.

यात तिची चूक शून्य आहे. क्रम बघा ना. क्लासमध्ये आधी वहीत बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गाणं, उतरवून घ्यायची, फळ्यावरून किंवा हल्ली मोबाइलवर आलेल्या फोटोवरून, मग ती बघून बघून पेटीवर बोटं ठेवायची, मग पाठ झाली की गायची. पेटीच्या पट्ट्यांवर तर कित्येक ठिकाणी स्टिकर लावलेले असतात, सा, रे, ग. म्हणजे डोळ्याने अक्षर बघितलं, बोटाने तेच अक्षर दाबलं, काम झालं. कान नावाचा अवयव या सगळ्या व्यवहारात बिनपगारी सुट्टीवर.

आता मुळात शिकायचं किती आहे ते बघू. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र (चढ्या) मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब, स्वर लांबवायचा तर पुढे आडवी रेघ, एका मात्रेत (ठोक्यात) दोन-चार स्वर बसवायचे तर खाली चंद्रकोर, मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं तर, वर कमान, कणस्वर म्हणजे नुसता स्पर्श करायचा स्वर डोक्यावर बारीक अक्षरात, कंसातला स्वर म्हणजे त्याच्या वरच्या-खालच्या स्वरांना घेऊन यायचं, आणि तालाच्या चार खुणा. झालं. यापेक्षा जास्त नियम सोसायटीच्या पार्किंगचे असतात. शिवाय मराठी वाचता येणाऱ्या मुलाला अक्षरं आधीच येतात, त्याला सा म्हणजे सा हे वेगळं सांगावं लागत नाही. पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत आधी रेघा-फटी पाठ करा, मग डावीकडे कुठली क्लेफ आहे ते बघा, मग किती शार्प किती फ्लॅट ते मोजा, एवढं झाल्यावर पहिला स्वर. आपल्याकडे सा हलता आहे, काळी एक घ्या नाहीतर पांढरी चार, कागदावर काहीही बदलत नाही. म्हणजे चिन्हं शिकण्यापुरतं बघायचं तर आपलं काम कितीतरी सोपं आहे आणि तरीही निकाल उलटा.

(जाता जाता, टाइप करणाऱ्यांसाठी. फोनवर कोमल-तीव्र कसं लिहायचं म्हणून लोक रडतात, पण वेदांच्या स्वरांसाठी युनिकोडमध्ये खालची आडवी रेघ आणि वरची उभी रेघ आधीपासून आहे, ती चिकटवली की ग॒ आणि म॑ असं छान येतं. हजारो वर्षांची पाठांतराची परंपरा म्हणून आपण ज्याचं नाव घेतो त्या ऋग्वेदाच्या छापील प्रतीतसुद्धा ह्याच दोन रेघा असतात, हे मला फार आवडतं.)

माझ्या वहीचा हिशोब देतो, तो काही शास्त्रीय प्रयोग नाही, एका बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाची रोजची वीसेक मिनिटं आहेत. चिन्हं कळायला दोन संध्याकाळी लागल्या. अनोळखी साधी बंदिश, विलंबित, म्हणजे संथ, म्हणता येईल अशा गतीत, पेटीला हात न लावता नुसती बघून गुणगुणायला सुमारे तीन महिने. ऐकलेल्या आरतीची पहिली ओळ स्वतः लिहायला दोन महिने, म्हणजे वाचण्याच्याही आधी लिहिणं आलं, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं, आता अजिबात वाटत नाही. एक पूर्ण भावगीत, मुखडा आणि अंतरा, तालासकट बरोबर लिहायला वर्षाला थोडं कमी. आणि सतारीचा आलाप लिहायला अजूनही जमत नाही, बहुतेक कधी जमणारही नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला माझ्यापेक्षा कमी वेळ लागेल, त्याचे कान अजून ताजे आहेत, माझ्या कानांवर 20 वर्षांचा लोकल ट्रेनचा थर आहे.

त्या भावगीताची मात्र एक फजिती सांगितलीच पाहिजे. मी सगळे स्वर बरोबर लिहिले, चार वेळा तपासले, आणि मोठ्या अभिमानाने वही क्लासमध्ये घेऊन गेलो. तिथे तबल्याचा एक मुलगा असतो, बारा वर्षांचा, तो वाट बघत बसला होता, त्याने वहीत डोकावून मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि दहा सेकंदांत म्हणाला, "काका, सम इथे नाहीये, तुमचं सगळं गाणं एक मात्रा उशिरा चाललंय." खरंच होतं. पूर्ण दोन पानं, एक मात्रा उशिरा. स्वर हुडकणं सोपं असतं, नऊ वेळा पेटीवर चाचपलं की सापडतो, पण तो स्वर मात्रेच्या कुठल्या घरात राहतो हे चाचपून कळत नाही, ते अंगात लागतं. एकटे शिकणारे बहुतेक सगळे इथेच आपटतात.

आणि हा बारा वर्षांचा मुलगा मला फार मोठी गोष्ट शिकवून गेला. तबल्याची मुलं पहिल्या दिवसापासून लिहितात! धा धिं धिं धा, वहीत रकाने, कायदा, पलटे, तिहाई असे तबल्यातले प्रकार, सगळं लिहून घेतात, आणि मुख्य म्हणजे वाजवायच्या आधी तोंडाने म्हणतात, पढंत करतात. तोंडाचा बोल, कागदावरचा बोल आणि बोटाचा बोल तिन्ही एकच. दोन-तीन महिन्यांत ते अनोळखी ठेका कागदावरून म्हणून दाखवतात आणि कुणी वाजवलेला साधा तुकडा लिहूनही दाखवतात. तबला काही कमी मौखिक परंपरेतला नाही, घराणी तिथेही आहेत, उस्तादांनी मुलीच्या लग्नात गती, म्हणजे तबल्याच्या खास रचना, हुंड्यात दिल्याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. पण तबला लिहिला म्हणून तबला मेला असं कुणी म्हणताना ऐकलंय? गाण्याच्याच बाबतीत कागद काढला की लोकांना विटाळ होतो.

आता कागदाविरुद्धचा खरा युक्तिवाद. माझ्या मुलीच्या आधीच्या बाई, ज्यांच्याबद्दल मला खूप आदर आहे, त्या म्हणायच्या, "कागद बघून गाणारा कागदच गातो." हे वाक्य खोटं नाहीये. दरबारी रागाचा गंधार, म्हणजे ग, घ्या. कागदावर काय, तर ग आणि खाली एक रेघ. तो गंधार कसा झुलतो, कुठून येतो, किती वेळ घुटमळतो, कोमलच्याही खाली कसा बसतो, यातलं काहीही त्या रेघेत नाही. पुस्तकातून दरबारी शिकलेला माणूस ओळखू येतो, पाच सेकंदांत ओळखू येतो, आणि ते ऐकवत नाही.

पण मग मी विचारतो, चार आणि चारा हे शब्द लिहा. दोन्हीकडे तोच च. पहिला च वेगळा, दुसरा वेगळा, लिपीत काहीही फरक नाही, आणि आपल्यापैकी कुणीही गुरांना चारा घालताना चार मधला च वापरत नाही. कसं जमतं? कारण भाषा आधी कानात आहे, लिपी फक्त आठवण करून देते. मराठी पूर्णपणे लिहिता येत नाही म्हणून पोरांना लिहायलाच शिकवू नका, असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही. दरबारीच्या गंधाराचंही तसंच. ज्याने तो गुरूसमोर बसून ऐकलाय त्याला ती एक रेघ पुरते, ज्याने ऐकला नाही त्याला दहा रेघा दिल्या तरी कमी. बाईंचा आक्षेप कागद आवाजाच्या आधी ठेवण्यावर आहे, आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. मी कागद आवाजाच्या नंतर ठेवा म्हणतोय. ऐका, गा, मग लिहा. वही मिटून गा, हवं तर.

"आपली परंपराच लिहिण्याची नाही" हेही एक ठरलेलं वाक्य आहे. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिला तो देवगिरीला, यादवांच्या दरबारात, म्हणजे आपल्या दौलताबादला, जिथे आपण शाळेच्या सहलीला जाऊन फक्त तोफा आणि भुयार बघून येतो. त्यात स्वर लिहिलेले आहेत. म्हणजे लिहायची युक्ती घरातच होती, ती वापरातून गेली आणि मग ज्ञान ज्याच्या गळ्यात त्याच्या मर्जीत, असा कारभार सुरू झाला.

तो कारभार मोडायला जी दोन माणसं उभी राहिली ती दोन्ही मराठी, दोघांचंही नाव विष्णू, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं पटलं नाही, हे तर अगदीच मराठी. भातखंडे 1860 साली वाळकेश्वरला जन्मलेले, वकील. पलुस्कर 1872 साली कुरुंदवाडला जन्मलेले, लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आले. दृष्टी अधू झालेला माणूस पुढे स्वतःची स्वरलिपी तयार करतो आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून कुणाच्याही मुलांना गाणं शिकवायला लागतो, हे थांबून विचार करण्यासारखं आहे. भातखंडे गावोगाव फिरून, उस्तादांच्या विनवण्या करून, बंदिशी गोळा करून लिहीत बसले आणि त्यांचे क्रमिक पुस्तकांचे सहा भाग आजही क्लासच्या कपाटात असतात, बाइंडिंग सुटलेले.

दोघांनी लिप्या मात्र वेगवेगळ्या केल्या आणि इथे आपण आजही ठेचकाळतो. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्करांच्या पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र सप्तक! तारसाठी तिथे उभी रेघ, जी भातखंड्यांकडे मध्यम तीव्र करते. माझ्या एका मित्राने जुन्या बाजारातून पलुस्कर पद्धतीचं पुस्तक आणलं आणि आठवडाभर सगळ्या बंदिशी उलट्या सप्तकांत गाऊन बघत होता, घसा बसला त्याचा. शंभर वर्षांत आपल्याला एक टिंब ठरवता आलं नाही. लोक म्हणतात स्वरलिपी अवघड आहे, अहो अवघड नाहीये, दोन आहेत.

वेळेच्या प्रश्नावर मला सापडलेली सगळ्यात भारी साक्ष हजार वर्षांपूर्वीची आहे आणि ती इटलीतल्या एका साधूची आहे. ग्विदो, अरेझोचा. मठात प्रार्थना गाणाऱ्या मुलांना तो शिकवायचा, आणि ती मुलं सगळं घोकून, गुरूच्या मागून म्हणून शिकायची. त्याने एका मित्राला पत्र लिहिलंय त्यात तो म्हणतो की आधीच्या लोकांना दहा-दहा वर्षं शिकून कसंबसं अर्धवट गाणं यायचं, माझ्या पद्धतीने एका वर्षात, फार तर दोन वर्षांत, पक्का गायक तयार होतो. पोप जॉन एकोणिसावा याने त्याला रोमला बोलावून घेतलं, त्याची रेघांवर लिहिलेली वही बघितली आणि न ऐकलेली एक ओळ स्वतः वाचून गाऊन बघितली, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. ग्विदोने नुसत्या रेघा काढल्या नव्हत्या हे मात्र आपण विसरतो. त्याने मुलांना एक ओळखीचं गाणं दिलं, ज्याची प्रत्येक ओळ एकेक स्वर वर सुरू होते, आणि त्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून स्वरांना नावं दिली. उत, रे, मी, फा, तिथूनच आलं. म्हणजे आधी कानात स्वराचं घर, मग कागद. त्याचे दहा वर्षांवरून एक वर्षावर आलेले दिवस रेघांमुळे आले तेवढेच त्या ओळखीच्या गाण्यामुळे आले. आपल्याकडे सा रे ग म ही नावं ग्विदोच्या कितीतरी आधीपासून आहेत आणि आपण ती स्टिकरवर लिहितोय.

आता लांब जायला नको, गोव्यात या. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चना जोडलेल्या पॅरिश शाळांत मुलांना सोल्फेजो (दो रे मी म्हणत स्वर वाचणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, शिकवणाऱ्याला मेस्त्रे म्हणत. शेतकऱ्याची, बोटीवरच्या खलाशाची, कुणाचीही पोरं. हीच पोरं पुढे मुंबई-कलकत्त्याला बँडमध्ये, बोटींवर, संस्थानिकांकडे आणि मग हिंदी सिनेमात गेली. चाल बांधणारा संगीतकार पेटीवर गाऊन दाखवायचा आणि ती चाल ऐकून, पन्नास वादकांसाठी वेगवेगळी लिहून, स्टँडवर कागद ठेवायचं काम अरेंजर करायचा. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं आणि त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे. या माणसाने रागांवर ऑर्केस्ट्रासाठी संगीत लिहून 1958 साली मुंबईत वाजवून दाखवलं होतं, हे किती जणांना माहितीये.

आमच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये असे एक गोवेकर अंकल राहायचे, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवून रिटायर झालेले. मी एकदा इंटरनेटवरून एका जुन्या गाण्याची पाच रेघांवाली प्रिंट काढली आणि त्यांना दाखवायला नेली, माझी कल्पना अशी की ते व्हायोलिन काढतील. त्यांनी चष्मा लावला, चहात बिस्किट बुडवलं, कागदावरून नजर फिरवत बिस्किट खाता खाता गुणगुणले, आणि तिसऱ्या ओळीवर थांबून म्हणाले, "हे कुणी लिहिलंय बाबा? इथे चूक आहे." व्हायोलिन खाटेखालीच राहिलं. त्या दिवशी मला कळलं वाचणं म्हणजे काय. छापलेल्यातली चूक कानाला खुपणं म्हणजे वाचणं. किती दिवस लागले तुम्हाला, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "आठवत नाही रे, मला आधी दो रे मी वाचता आलं, मग पेपर."

मला माहितीये की चर्चमधल्या त्या शाळांत छडीही होती आणि धर्मही होता, सगळं गुलाबी नव्हतं. पण गरिबाच्या पोराला फुकट मिळालेली ती लिपी त्याला स्टुडिओत खुर्ची देऊन गेली. त्याच स्टुडिओत सतार, बासरीवाले आपापल्या वहीत सरगम लिहून वाजवायचेच, म्हणजे प्रश्न देशी-विदेशी लिपीचा नव्हता. ज्याला लिहिता-वाचता येत होतं त्याला काम होतं. आजही तेच आहे, फक्त कागदाऐवजी लॅपटॉप आला. ॲप सगळं लिहून देतं म्हणणाऱ्यांनी एकदा ॲपला आपल्या आजीची ओवी ऐकवावी आणि काय येतं ते वाचावं.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. आपल्याकडे दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. चांगली गोष्ट आहे, मुलं निदान गाण्याकडे वळतात. पण त्यामुळे झालंय असं की नववीपर्यंत इतक्या परीक्षा उरकायच्याच, हा टाइमटेबलचा विषय झालाय, आणि थिअरीच्या पेपरात प्रश्न येतो अमुक रागातला छोटा ख्याल स्वरलिपीत लिहा, जो मुलांनी पाठ केलेला असतो, अक्षर न अक्षर. हे म्हणजे मराठीच्या पेपरात पाठ केलेला निबंध उतरवून काढायला सांगणं. मुलाला लिहिता येतं का ते त्यातून कळतच नाही, पाठांतर कळतं. पाश्चात्त्य ग्रेड परीक्षांमध्ये, ज्यांना आपण यांत्रिक वगैरे म्हणून नाकं मुरडतो, नेहमीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बहुतेक वेळा मुलासमोर कधीही न बघितलेला एक छोटा तुकडा ठेवतात, अर्धा मिनिट बघायला देतात, आणि म्हणतात वाजव. तिथेही घोकंपट्टी आहे, मी काही त्यांचा एजंट नाही, पण त्या अर्ध्या मिनिटात खोटं बोलता येत नाही.

आपल्या परीक्षेत एवढंच करा. परीक्षकाने पेटीवर आठ मात्रांचा एक अनोळखी तुकडा तीन वेळा वाजवावा, सा आधी सांगून, आणि मुलाने तो लिहावा. दुसरा एक तुकडा कागदावर द्यावा आणि मुलाने तो पेटीविना गावा. पहिल्या परीक्षेला चार स्वरांतला, मग वाढवत न्या. पाच मिनिटांचं काम. पाठ केलेल्या ख्यालाचे मार्क कमी करून याला द्या. परीक्षेत आलं की क्लासमध्ये येईल, क्लासचं आपल्याकडे असंच आहे, उगाच का लपवा. मग त्या इंजिनिअर बाबांना उत्तर पण देता येईल, की साहेब, चार महिन्यांत वाचेल, वर्षात लिहील, दरबारीचं नंतर बघू.

यावर एक आक्षेप मला क्लासमधल्याच एका शिक्षकमित्राने घेतला आणि तो प्रामाणिक आहे. तो म्हणाला, अरे, ऐकून लिहायला शिकवायचं तर वर्गात चार-पाच मुलं लागतात, मी एका वेळी 15 बसवतो तेव्हा कुठे जागेचं भाडं निघतं. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. तबल्याच्या पढंतेसारखं सगळ्या वर्गाने एकत्र सरगम म्हणत लिहावं, एकाने गावं, बाकीच्यांनी लिहावं, वह्या बदलून तपासाव्यात, असं काहीतरी करता येईल असं वाटतं, पण त्याचं भाडं माझ्या सूचनांनी भरलं जाणार नाही, हे मान्य. तरी भाडं परवडत नाही हे कारण मला समुद्रापेक्षा जास्त पटतं, निदान खरं आहे.

आणि कुणाला अजूनही वाटत असेल की मोठे कलाकार असल्या भानगडीत पडत नाहीत, तर कुमार गंधर्वांनी स्वतःच्या बंदिशी 1965 साली अनूपरागविलास मध्ये स्वरलिपीसकट छापल्या. ज्या माणसाचं गाणं कागदात मावणं सर्वांत अवघड, त्याला कागद नकोसा वाटला नाही.

आमच्या घरी बेलनंतर हा उद्योग वाढलाय. कुकरच्या शिट्टीत स्वर नसतो असं ठरलंय, फक्त शेवटी दम सुटताना असतो. मुलीने एक वेगळी वही केलीये, परीक्षेची नाही, तिच्यात लिफ्टचा आवाज, शेजारच्या काकूंच्या फोनची रिंगटोन, आणि सकाळी पावणेआठला येणाऱ्या भाजीवाल्याची आरोळी, "मेथीऽ पालऽक" अशी. त्यातल्या मेथीबद्दल आमचं एकमत आहे, सा वरच आहे. पालकच्या शेवटाला तो खाली येतो, ती म्हणते कोमल नी, मी म्हणतो ध, वहीत सध्या दोन्ही आहेत, पेन्सिलने, बाजूला प्रश्नचिन्ह. उद्या शनिवार आहे, दोघं गॅलरीत उभं राहून ऐकणार आहोत.